आजीच्या डब्यातली १९१८ ची गिनी – सर्टिफाय करून घ्यावी का नाही?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

आजीचं वर्षश्राद्ध झालं आणि तिचा पितळी डबा सगळ्यांसमोर उघडला. २०१९ च्या पुरात घरातनं कागदपत्रं आणि हा डबा एवढंच काय ते वरच्या मजल्यावर नेलं होतं, तेव्हाही तिनं कुणाला उघडू दिला नव्हता. आत पुतळ्यांची माळ (ती आत्याची, असं आजीच सांगून गेलीय, त्यामुळं तिचा वाद नाही) आणि रुमालाच्या गाठीत एक गिनी. एका बाजूला बिनमुकुटाचा दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस न खाली ड्रॅगन, साल १९१८. सराफाच्या काट्यावर ७.९६ ग्रॅम भरली.

आता वारस तीन, बाबा काका आणि आत्या. काका म्हणतात विकून टाका आणि वाटून घ्या, आत्याला ती आईची आठवण म्हणून पाहिजे, आणि चुलतभावानं कुठला तरी व्हिडिओ बघितलाय की १९१८ ची गिनी अमेरिकन कंपनीकडनं सर्टिफाय करून आणली की लाखांनी जाते, तेव्हापासून घरात ती गिनी म्हणजे लॉटरीचं तिकीट झालीय. सराफ कट्ट्यावर एकानं सांगितलं सोन्याच्या भावानं घेतो, घट (गाळताना येणारी तूट) कापून. मिरजेत दुसऱ्यानं नुसतं बघूनच 'कॉपी आहे ओ ही, ओरिजिनल नव्हं' म्हणून परत केली, मशीनवर पण ठेवली नाही.

तर प्रश्न असा की हे सर्टिफिकेट प्रकरण करावं का, कुठं करतात, खर्च किती, आणि खर्च केल्यावर हातात काय पडतं? फोटो जोडलाय, मोबाईलचा आहे, सांभाळून घ्या.

नाणेवेडा (सातारा)
धागाकर्ते, सर्वात आधी एक विनंती, ती गिनी आहे तशी राहू दे. चिंच नको, रिठा नको, टूथपेस्ट तर अजिबात नको, आणि सराफ म्हणाला 'जरा पॉलिश मारून देतो' तर हात जोडून बाहेर पडा. घासलेलं नाणं ग्रेडिंगवाले (नाणं तपासून त्याच्या अवस्थेला आकडा देणारे) ओळखतात आणि त्याला सरळ आकडा न देता 'डीटेल्स' असा शेरा मारतात. म्हणजे नाणं खरं, पण पृष्ठभाग बिघडलेला. किंमत तिथंच बसते.

आता तुमच्या नाण्याबद्दल. हे ब्रिटिश सॉव्हरिन, आपल्याकडं सगळे गिनीच म्हणतात. पंचम जॉर्ज. नियमाचं वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२ मिमीच्या किंचित वर, जाडी दीड मिमी, २२ कॅरेट. तुमची ७.९६ म्हणजे वापरून थोडी झिजलीय, काही वावगं नाही. ब्रिटिश कायद्यात चलन म्हणून चालायला कमीत कमी ७.९३७ लागायचं, त्याच्या वरच आहे.

पण १९१८ साल म्हटल्यावर एक गोष्ट आधी बघायची. घोड्याच्या पायाखाली जी जमिनीची रेघ आहे, तिच्यावर, सालाच्या आकड्यांच्या बरोबर मध्यावर वरच्या अंगाला एक बारीक अक्षर असतं. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी कॅनडा, आणि आय म्हणजे इंडिया, आपली मुंबई. लंडनच्या गिनीला अक्षर नसतं. पण लंडनच्या टांकसाळीनं १९१७ नंतर सॉव्हरिन पाडायचंच बंद केलं, ते थेट १९२५ ला परत सुरू झालं. म्हणजे १९१८ च्या गिनीवर अक्षर नसेल तर ती गिनी खोटीच, त्याला सर्टिफिकेट लागत नाही.

फोटोत ती जागा अंधारात आहे. अक्षर आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)
आत्ता बघितलं, भिंगातनं पण. काही दिसत नाही ओ. रेघ आहे, रेघेवर ओरखडे आहेत. अक्षर नाही 😐

हरिपूरची_हळद
झालं, मिरजवाल्यानं बरोबर सांगितलं म्हणायचं.

(पॉपकॉर्न घेऊन बसलेय.)

राजेभाऊ_ऑनलाईन
कॉपी बिपी काही नसते हो, १९१८ च्या फार कमी बनल्या म्हणून रेअर आहे. माझ्या मित्राच्या मित्रानं ५ लाखाला विकली. एक साईट आहे तिथं फोटो टाका, थोडी रजिस्ट्रेशन फी भरली की बायर स्वतः फोन करतो.

नाणेवेडा (सातारा)
राजेभाऊ, मुंबईत १९१८ चा शिक्का मारून साधारण १३ लाख सॉव्हरिन पाडल्या. तेरा लाख. महायुद्ध चालू होतं, चांदीची टंचाई, सोनं बोटीनं लंडनला नेऊन नाणी पाडून परत आणायची म्हणजे पाणबुड्यांची भीती, म्हणून रॉयल मिंटनं मुंबईच्या टांकसाळीत शाखाच उघडली आणि १९१९ मध्ये बंदही केली. एकाच सालाची नाणी म्हणून जमवणाऱ्यांना तिचं कौतुक आहे हे खरं, पण दुर्मिळ म्हणण्यासारखी ती नाही.

आणि ते रजिस्ट्रेशन फीचं तर सोडाच. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी फी, कमिशन, टॅक्स मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये पत्रक काढून सांगितलंय, कारण हे लोक रिझर्व्ह बँकेचंच नाव वापरत होते. नाणं घेणारा पैसे देतो, मागत नाही.

राजेभाऊ_ऑनलाईन
बरं. मी ऐकलेलं सांगितलं.

गलाईवाला_विटा
राम राम मंडळी. आमी खानापूर तालुक्यातलं, आता तमिळनाडूत दुकान हाय, सोनं गाळायचाच धंदा, आज्यापास्नं. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक म्हंजी मिरजंत नुसतं बघून कॉपी म्हणलं त्याला काय अर्थ न्हाय. टंच म्हंजी सोन्याचा कस, तो बघायला मशीन हाय, कॅरेटोमीटर म्हणत्यात त्याला, गिनी ठेवली की अर्ध्या मिनिटात सांगतंय किती सोनं किती तांबं. सांगलीत हॉलमार्क सेंटरला जावा, किरकोळ पैशात काम हुतंय. कानस मारू देऊ नका, कापू देऊ नका, मशीनला त्येची गरज न्हाय. पर भावा मशीन बी वरचंच बघतंय, आत काही मायक्रॉनच्या पलीकडं जात न्हाय. वरनं सोन्याचा जाड पत्रा आन आत दुसरंच काय असलं तर मशीन फसतंय. पक्का टंच काढायचा तर तुकडा कापून आगीतच घालाय लागतोय, आन मग नाणं कुठलं राहिलं. मुशीत गेल्यावर जॉर्ज बी सोनं न घोडा बी सोनं.

दुसरी गोष्ट, टंच ९१.६ आला म्हंजी सोनं बरोबर. नाणं बरोबर असं न्हाय. सराफांनी सवताच्या गिन्या पाडलेल्या किती आल्यात आमच्याकडं, सोनं चोख, वजन ८ ग्रॅम, पर राजाचं तोंड बघून हसू यायचं.

नाणेवेडा (सातारा)
गलाईवाले दादांना +१. जगभर हाच घोळ आहे. १९५०-६० च्या सुमारास बैरूतकडं खऱ्या सोन्यातल्याच खोट्या सॉव्हरिन पाडल्या जायच्या, कारण नाण्याला सोन्यापेक्षा वरचा भाव मिळायचा. तिथं टंच पास होतो आणि नाणं नापास.

मशीनवर विसंबायचं नसेल तर घरी एक पाण्याची चाचणी करा, नाण्याला काही होत नाही. दोन दशांशपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून झिरो करा. गिनीला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी हातानं धरा, तळाला टेकू द्यायची नाही, बुडबुडे चिकटले असतील तर झटकून घ्यायचे. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी तिनं बाजूला सारलं. ७.९६ ग्रॅमच्या २२ कॅरेट गिनीला ०.४५ यायला पाहिजे, पॉइंट झिरो वन इकडं तिकडं. पितळेवर मुलामा असेल तर ०.९ च्या पुढं जाईल, आत शिसं असेल तर ०.७. टंगस्टनची भीती सगळे घालतात पण ते २४ कॅरेटच्या बिस्किटात लपतं, कारण त्याची घनता शुद्ध सोन्याएवढी. २२ कॅरेटच्या नाण्यात घातलं तर उलट आकडा कमी येतो, ०.४१ च्या आसपास.

व्हर्नियर कुठून तरी मिळवा. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडं असतो. व्यास आणि जाडी दोन्ही बघा. आणि वरचं टोक धरून उभ्या आसाभोवती फिरवून बघा, राजा सरळ असेल तर घोडापण सरळ दिसला पाहिजे.

सीए_इस्लामपूर
नाणं खरं-खोटं तुम्ही बघा, मी पैशाचं सांगते, कारण 'विकून वाटून घ्या' म्हणणारे काका हे विचारणारच.

वारसानं आलेल्या सोन्यावर मिळताना टॅक्स नाही. विकताना कॅपिटल गेन. आजीकडं किती वर्षं होतं ते धरलं जातं, म्हणजे लाँग टर्मच, सध्या १२.५ टक्के, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं, नाही (२३ जुलै २०२४ पासूनचा बदल). खरेदी किंमत माहीत नसेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. तिघांना वाटून आलं तर तिघांनी आपापल्या हिश्श्याचं दाखवायचं. आणि सराफ म्हणाला रोख घ्या, तर २ लाख किंवा त्यापुढची रक्कम रोखीत घेता येत नाही हे लक्षात असू दे. एका गिनीला अडचण येणार नाही, पण सोबत माळ मोडायला काढलीत तर येईल.

मिरजेची_पुण्यात
मी जरा वेगळं बोलू का? सगळे 'नको नको' च्या सुरात आहेत. माझ्याकडं व्हिक्टोरियाची मोहोर आहे, स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत) बंद, घेतानाच तशी घेतली. ११.६६ ग्रॅम, बरोब्बर एक जुना तोळा. उद्या विकायची म्हटलं तर समोरच्याशी खरी-खोटी हा वाद घालावा लागणार नाही, नंबर टाकून कंपनीच्या साईटवर फोटो बघता येतो. धागाकर्त्यांच्या घरात तीन वारस आणि दोन सराफांची दोन मतं, अशा वेळी तिसऱ्याचा शिक्का असला तर घरातली भांडणं तरी थांबतील. चार पैसे गेले तरी चालतील असं मला वाटतं.

वाईचा_वकील
ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण त्यात कायद्याची एक मेख आहे आणि व्हिडिओवाले ती सांगत नाहीत.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२. शंभर वर्षं किंवा जास्त जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, अँटिक्विटी. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. विकायला नाही आणि 'नुसतं तपासून परत आणतो' म्हणूनही नाही. एनजीसी काय, पीसीजीएस काय, नाणी सर्टिफाय करणाऱ्या ह्या दोन्ही कंपन्या मुळात अमेरिकन. १९१८ ची गिनी २०१८ लाच शंभरीत गेली. पाकिटात घालून फ्लोरिडाला धाडली आणि कस्टमनं धरली तर नाणं जाईल, वर खटला.

मग इथं जुनी नाणी स्लॅबमध्ये दिसतात ती कशी, असं विचाराल. परदेशात आधीपासून असलेली नाणी तिथंच ग्रेड होऊन इकडं येऊ शकतात. येण्याला अडचण नाही, जाण्याला आहे. इथं पण काही जण नाणं डबीत बंद करून ग्रेड लिहून देतात, त्याला घेणारा किती मानतो ते आधी घेणाऱ्याला विचारा.

जाता जाता अजून एक. कृष्णाकाठ, ही गिनी डब्यात होती ना? कारण वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत सापडली असती तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. १० रुपयांच्या वरचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आमच्याकडं वाईला वाडे पडायला लागले की दर दोन वर्षांनी असा कोणीतरी येतोच विचारायला, आणि बहुतेक वेळा विकून झाल्यावर येतो.

मिरजेची_पुण्यात
अरे देवा, हे माहीतच नव्हतं. म्हणजे माझी मोहोर तिकडूनच आलेली दिसतेय. धन्यवाद वकीलसाहेब.

कृष्णाकाठ (सांगली)
डब्यातच होती ओ, भिंतीबिंतीतली नाही 😄 आजीच्या माहेराहून, औंधकडून आलेली असं आत्या म्हणते.

बरं अपडेट. हॉलमार्क सेंटरला जाऊन आलो, दोन्ही बाजूंनी ठेवून बघितलं, ९१.६ आणि ९१.७, बाकी तांबं. पाण्याची चाचणी रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात केली, काकांना मुद्दाम समोर बसवून. ०.४५ आला, परत केला, ०.४६. व्यास २२. जाडीपण जमतेय.

आणि आता खरी गंमत. पोरीच्या कॉलेजमध्ये मायक्रोस्कोप आहे, तिनं मोबाईल लावून फोटो काढला. जमिनीच्या रेघेवर मी ज्याला ओरखडा म्हणत होतो ना, तो एकच सरळ उभा आहे, बाकीचे तिरके, आणि त्याला वर खाली बारीक पट्ट्या आहेत. फोटो टाकतोय. तुम्हीच सांगा.

नाणेवेडा (सातारा)
आय!! मुंबईच!

हेच होतं बघा, एस एम पी ला पोट असतं वळण असतं, ती पटकन दिसतात, आय म्हणजे नुसती उभी काडी, तीही मिलिमीटरच्या आतली, झिजलेल्या नाण्यावर ती ओरखड्यात हरवते. पट्ट्या स्वच्छ दिसताहेत. खाली उजव्या कोपऱ्यात बी पी ही अक्षरंपण आहेत (बेनेडेट्टो पिस्त्रुची, घोड्याचं चित्र ज्यानं केलं तो), आणि मानेच्या कापावर बी एम दिसतंय, म्हणजे बर्ट्रॅम मॅकेनल. अक्षरांच्या कडा धारदार आहेत. नकली साच्यातल्या नाण्यात ह्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि मोकळ्या जागेत बारीक फोड दिसतात, तसं इथं काही नाही. फोटोवरनं जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो, मला खरी वाटतेय.

हरिपूरची_हळद
मिरजवाला हरला!! पॉपकॉर्न संपले.

राजेभाऊ_ऑनलाईन
मग आता ५ लाख नाही तर किती?

नाणेवेडा (सातारा)
राजेभाऊ थांबा. कृष्णाकाठ, राजाच्या डोक्याच्या वर, बारा वाजता, कडेचा एक फोटो द्या. दात्यांचा. पहिल्या फोटोत तिथला रंग जरा वेगळा वाटला होता मला.

कृष्णाकाठ (सांगली)
हा घ्या. तिथं दाते बुजलेत, तीन-चार मिलिमीटर. आणि थोडा पांढरट-पिवळा ठिपका आहे.

गलाईवाला_विटा
डाग हाय ओ तो, म्हंजी सोनाराचं जोडकाम. कडी लावलेली हुती, मागनं काढलीया. जुन्या बायकांच्या गळ्यातल्या गिन्या अशाच येत्यात, आमी तर आधी तितंच बघतो, कारण डागाचं सोनं हलकं असतंय, तेवढा टंच कापायचा असतोय.

नाणेवेडा (सातारा)
बरोबर. आणि इथं तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी म्हणेन.

बघा हिशोब काय आहे. सर्टिफिकेटचा खर्च म्हणजे नुसती फी नाही, नाणं नेणं-आणणं आलं (बहुतेक कुरिअरवाले सोनं घेतच नाहीत), विमा आला, महिनोन् महिने वाट बघणं आलं. सगळं मिळून काही हजारांचा मामला. तो खर्च कधी परवडतो? तर नाण्याला सोन्याच्या वर जो भाव मिळणार तो ह्या खर्चापेक्षा बराच जास्त असेल तेव्हा. तुमच्या गिनीत शुद्ध सोनं ७.३ ग्रॅम धरा, ते गुणिले आजचा भाव, ही झाली तळाची किंमत, ती कोणीच हिरावून घेत नाही. मुंबईची गिनी, चकचकीत, कधी न वापरलेली, घासलेली नाही, कडी लागलेली नाही, अशी असती तर संग्राहकानं वर चांगले पैसे दिले असते आणि तेव्हा मी स्वतः म्हणालो असतो की मुंबईला लिलाव करणाऱ्यांकडं घेऊन जा. ते विकायला घेण्याआधी तपासतातच, कॅटलॉगमध्ये त्यांचं नाव जातं. पण डाग लागलेल्या गिनीला जगातली कुठलीही कंपनी 'खरी आहे, पण कडी काढलेली' एवढंच लिहून देणार. म्हणजे पैसे देऊन आपणच आपल्या नाण्याचा दोष छापून घ्यायचा.

खरेपणाबद्दल म्हणाल तर वजन, माप, घनता, टंच, अक्षर, शिल्पकाराची आद्याक्षरं एवढं सगळं जुळलंय. कोर्टात नाही चालणार, पण घरात वाटणी करायला पुष्कळ झालं.

मिरजेची_पुण्यात
हे मला पटलं. डागाचं आधी कळलं असतं तर मी सर्टिफिकेटच्या बाजूनं बोललेच नसते.

सह्याद्रीचा_वारा
अवांतर होईल पण विचारतोच. आमच्याकडं शिवराई होन आहे, सोन्याचा. पाटणजवळच्या गावातला, पणजोबांपासून देवात आहे. ह्या हिशोबानं त्यालाही सर्टिफिकेट नकोच का?

नाणेवेडा (सातारा)
नाही नाही, तिथं उलटं! गिनीचं सोनं आणि नाणं ह्यांच्या किमतीत फरक थोडा, होनाच्या बाबतीत सोनं म्हणजे काहीच नाही, सगळी किंमत तो खरा असण्यात. राज्याभिषेकाच्या वेळचा, १६७४ चा होन, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. खरे म्हणून ओळखले गेलेले फार थोडे आहेत आणि नकला मात्र मुबलक. तांब्याची शिवराई घराघरात सापडते, तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊन 'होन' म्हणून खपवतात, गडांच्या पायथ्याला आठवण म्हणून मिळणारे पण देवघरात जाऊन बसतात आणि दोन पिढ्यांनी पणजोबांचे होतात. रागावू नका, तुमचा तसा आहे असं म्हणत नाही.

आधी वजन करा. तांब्याची शिवराई साधारण तिप्पट भरते, तिथंच निम्म्यांचा निकाल लागतो. त्यातनं पार पडला तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांना आधी फोटो पाठवून विचारा. सराफाकडं नेऊ नका, तो बिचारा टंच सांगेल.

सह्याद्रीचा_वारा
वजन केलं. ८.९ 🙈

गलाईवाला_विटा
देवातच ऱ्हाऊ द्या.

वाईचा_वकील
देवातून काढूच नका 😄

हरिपूरची_हळद
आत्याच्या पुतळ्यांबद्दल कोणीच बोलत नाही? आमच्याकडं पण एक माळ आहे. ती व्हेनिसची असते म्हणतात ते खरं का?

नाणेवेडा (सातारा)
मूळ पुतळी व्हेनिसचा डुकॅट, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आणि समोर संत मार्क, मागं लंबगोलात येशू आणि चांदण्या. आपल्या लोकांना ती दोन-तीन माणसं राम-लक्ष्मण-सीता वाटली आणि सोनारांनी त्याच्या हजारो प्रती पाडल्या. व्हेनिसच्या पुतळीवर लॅटिन अक्षरं वाचता येतात, आपल्याकडच्या प्रतीत अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या आणि ठिपके असतात, आणि पत्रा पातळ असतो. माळेत सगळ्या एकसारख्या नसतात, त्यामुळं एकेक बघा. एखादी वाचता आली तर फोटो टाका.

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, निकाल सांगतो.

डागाचं आत्याला सांगितलं तर ती म्हणाली 'अरे होतीच की कडी, लग्नाच्या फोटोत बघ ना'. काढला फोटो. काळ्या मण्यांच्या खाली गिनी आहेच, घोड्याची बाजू पुढं. चुलतभावाला पण दाखवला, मग लॉटरीचं बोलणं बंद झालं. सर्टिफिकेट नाही करायचं, गिनी आत्याकडं राहणार, ती बाबांना आणि काकांना हिश्श्याचे पैसे देणार. आता अडलंय ते एकाच ठिकाणी, भाव कुठला धरायचा? काका म्हणतात दुकानात नवीन गिनी ज्या भावानं मिळते तो. आत्या म्हणते सराफ देत होता तो.

सीए_इस्लामपूर
मोडीचा भाव धरा, म्हणजे जुनं सोनं मोडताना सराफ देतो तो. दुकानातला विक्रीचा भाव काकांना विकतानाही मिळणार नव्हता, त्यात मजुरी आणि जीएसटी असतो. सराफ घट कापत होता ती मात्र आत्यांनी कापू नये, कारण घरात कोणी ती गाळणार नाहीये.

गलाईवाला_विटा
ताई बराबर बोलल्या. डागाचं म्हणून लईत लई पाव टक्का कमी करा, त्येच्या वर कोण मागत असंल तर मला फोनवर जोडा.

कृष्णाकाठ (सांगली)
काका तयार झाले. उद्या सकाळचा मोडीचा भाव, घट शून्य.

शेवटचा प्रश्न, आत्या म्हणते कडी परत लावून घेते आणि गळ्यात घालते. नाणेवेडा, तुमचा जीव वरखाली होईल माहितीय, पण चालेल का?

नाणेवेडा (सातारा)
लावा की, आता कशाला जीव वरखाली होतोय. फक्त सोनाराला सांगा जुन्या डागाच्या जागीच लाव, दुसरीकडं नवा डाग नको. किंवा स्क्रूची फ्रेम मिळते, तिला डाग लागतच नाही.